खात्यातले २८ दिवस

धाकट्या बहिणीच्या ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाचा अर्ज भरायला बसलो, त्या संध्याकाळी आमच्यासमोर बाबांच्या बँक स्टेटमेंटची चार पाने पसरलेली होती. ३ मार्चपासून ३० मार्चपर्यंत खात्यात आवश्यक ती रक्कम पडून असल्याचे त्यातून दिसायला हवे होते आणि आम्हां सर्वांची तशी खात्रीही होती, कारण त्या पैशांना घरातल्या कोणीही हात लावलेला नव्हता. शिल्लक दाखवणाऱ्या शेवटच्या रकान्यावर पट्टी धरून मी एकेक ओळ खाली वाचत गेलो आणि २५ मार्चच्या ओळीपाशी थांबलो. विम्याचा हप्ता त्या दिवशी आपोआप वळता झाला होता आणि शिल्लक आवश्यक रकमेच्या जराशी खाली गेली होती. दुसऱ्याच दिवशी बाबांचा पगार जमा झाल्यामुळे ती पुन्हा वर आली होती, त्यामुळे महिनाअखेरीस खाते पाहणाऱ्याला त्यात काही वावगे दिसले नसते. ब्रिटनच्या नियमाप्रमाणे मात्र रक्कम सलग २८ दिवस टिकावी लागते. तो मोजणीतला तेविसावा दिवस होता आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागणार होती. बहिणीने काही न बोलता दिनदर्शिका काढली, २६ मार्चवर एकचा आकडा घातला आणि २२ एप्रिलवर अठ्ठावीसचा.

अर्ज पाठवण्याआधी ही चूक सापडली, म्हणून तिचे नुकसान साडेतीन आठवड्यांच्या उशिरावर भागले. तरीही त्या प्रसंगाने मला जे शिकवले ते सविस्तर लिहून ठेवावे असे वाटते, कारण परदेशी शिकायला निघालेल्या विद्यार्थ्यांशी बोलताना मला एक गोष्ट वारंवार जाणवते. प्रत्येक जण ‘किती पैसे दाखवावे लागतात’ एवढेच विचारतो. ते पैसे कधीपासून, कोणाच्या नावावर आणि कोणत्या स्वरूपात असावे लागतात, हा प्रश्न फार थोड्यांच्या मनात येतो. रक्कम जमवणे हे कष्टाचे काम आहे, यात शंका नाही. पण रक्कम पुरेशी असूनही तिची कागदपत्रे अपुरी पडल्यामुळे अर्ज अडू शकतो आणि ते पाहताना जीव हळहळतो.

ब्रिटनचा नियम आधी पूर्ण सांगतो. आवश्यक रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते, त्या २८ दिवसांत ती एका दिवसापुरतीही कमी होता कामा नये आणि अठ्ठाविसावा दिवस अर्जाच्या तारखेच्या आधीच्या ३१ दिवसांत यावा लागतो. म्हणजे ३० मार्चला २८ दिवस पूर्ण झाले असतील, तर त्या स्टेटमेंटवर ३० एप्रिलपर्यंत अर्ज करता येतो. त्यानंतर ते शिळे होते. रक्कम दोन भागांची बनते. पहिला भाग म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या कॅस या प्रवेशपुष्टीत नोंदलेल्या पहिल्या वर्षाच्या फीपैकी न भरलेली फी आणि दुसरा भाग म्हणजे जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च. ११ नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनमध्ये शिकणाऱ्यांसाठी दरमहा १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड असा धरला जातो. नऊ महिन्यांचे अनुक्रमे १३,७६१ आणि १०,५३९ पौंड होतात. फीचा काही भाग आधी भरला असेल, तर तो वजा होतो, पण विद्यापीठाने कॅसमध्ये त्याची नोंद केली आहे ना, हे पाहावे आणि पावतीही जवळ ठेवावी.

पैसे पौंडांऐवजी दुसऱ्या चलनात असतील, तर आणखी एक बाब लक्षात ठेवावी लागते. रूपांतराचा दर अर्जाच्या दिवशीचा धरतात. महिनाभर जी रक्कम पुरेशी होती, ती चलन घसरल्यामुळे नेमकी अर्जाच्या दिवशी तोकडी ठरू शकते. म्हणून नियमाला लागते तेवढीच रक्कम खात्यात ठेवणे मला धोक्याचे वाटते. आमच्याकडे तेच झाले होते: हिशेब अगदी काटेकोर होता आणि काटेकोर असल्यामुळेच एका हप्त्याने तो मोडला. दुसऱ्या खेपेला आम्ही रक्कम जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढवली आणि त्या खात्यातून आपोआप वळते होणारे सगळे हप्ते दुसऱ्या खात्याला जोडून घेतले. हे दुसरे काम पहिल्याहून महत्त्वाचे आहे, असे मी आता सांगतो. ज्या खात्यातून घरखर्च, वीजबिल, विमा आणि कार्डाची देणी भागतात, ते खाते पुराव्यासाठी वापरूच नये.

आता थोडे अधिकाऱ्याच्या बाजूने पाहू. समोरचा माणूस आपल्याला ओळखत नाही. आपण कष्टाळू आहोत, आईवडिलांनी पंधरा वर्षे बचत केली आहे, पैशांसाठी आपण कोणाला फसवणार नाही, हे सगळे आपल्याला ठाऊक असते. त्याच्यापुढे मात्र फक्त पाने असतात. त्या पानांवरून त्याला चार गोष्टी ठरवायच्या असतात: रक्कम पुरेशी आहे का, ती काही काळ टिकून आहे का, ती खरोखर या विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी आहे का आणि लागेल तेव्हा हाती येईल का. वेगवेगळ्या देशांचे नियम कितीही वेगळे दिसले, तरी ते या चारपैकी एखाद्या शंकेवर काढलेले उपाय आहेत, असे पाहिले की ते पाठ करावे लागत नाहीत, आपोआप समजत जातात.

जर्मनीने टिकून राहण्याची शंका एका खात्यातच मिटवली आहे. तिथे बहुतेक विद्यार्थी ‘ब्लॉक्ड अकाउंट’ उघडतात; जर्मन भाषेत त्याला ‘श्पेरकोंटो’ म्हणतात. त्यात वर्षभराचा खर्च आधीच भरायचा आणि तिथे पोहोचल्यावर दर महिन्याला ठरलेली रक्कमच काढायची. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम दरमहा ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो आहे. पैसे आज दाखवले आणि उद्या काढून घेतले, असे या व्यवस्थेत करताच येत नाही, त्यामुळे खात्याचा मागचा इतिहास तपासण्याची गरज पुष्कळ कमी होते. शिष्यवृत्ती असेल किंवा जर्मनीत राहणारी एखादी व्यक्ती तिथल्या कार्यालयात जाऊन खर्चाची कायदेशीर हमी देत असेल, तर हे खाते लागत नाही. मात्र ती हमी म्हणजे पाठिंब्याचे साधे पत्र नव्हे. विद्यार्थ्यावर सरकारला खर्च करावा लागला, तर हमी देणाऱ्याकडून तो वसूल करता येतो, त्यामुळे नातेवाइकाला अशी विनंती करण्याआधी त्याला तिचा पूर्ण अर्थ सांगणे हे आपले कर्तव्य आहे.

कॅनडातही जीआयसी नावाची जवळपास तशीच सोय आहे: तिथल्या बँकेत आधी पैसे गुंतवायचे, पोहोचल्यावर त्यातला काही भाग हाती येतो आणि उरलेला हप्त्याहप्त्याने मिळत राहतो. ती नको असेल, तर इतर पुरावेही चालतात. बँकेची मागच्या चार महिन्यांची स्टेटमेंट हा त्यातला नेहमीचा पुरावा. कॅनडाचे उदाहरण मला आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे वाटते. एकट्या विद्यार्थ्याच्या राहणीखर्चाचा आकडा तिथे अनेक वर्षे १०,००० डॉलरवर स्थिर होता. १ जानेवारी २०२४ पासून तो एकदम २०,६३५ झाला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर झाला. क्वेबेक प्रांताचे नियम वेगळे आहेत. पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च या रकमेत धरलेले नाहीत. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राने सांगितलेल्या आकड्यावर विसंबून राहिलेल्याची काय अवस्था होईल, याची कल्पना यावरून यावी. ऑस्ट्रेलियातही २०२३ मध्ये २४,५०५ असलेला आकडा १० मे २०२४ पासून २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर झाला आणि तिथेही फी व प्रवास वेगळे मोजावे लागतात. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की आकडा अर्जाच्या आठवड्यात त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच पाहावा. ओळखीच्यांकडून, सल्लागाराकडून किंवा माझ्या या लेखातूनही घेऊ नये.

अमेरिकेची रीत वेगळी आहे. तिथे सर्वांसाठी एक आकडा ठरवलेला नाही. विद्यापीठ स्वतः वर्षाचा अंदाजित खर्च काढते, आपण दाखवलेल्या निधीशी तो ताडून पाहते आणि मग आय-२० हा कागद देते. त्यावर खर्च आणि निधीचे स्रोत दोन्ही छापलेले असतात. म्हणजे पैशांची पहिली तपासणी विद्यापीठातच होते आणि दुसरी दूतावासातल्या मुलाखतीत. पहिल्या वर्षाचा खर्च हाती तयार असावा आणि पुढच्या वर्षांचा खर्च कसा भागेल, हे पटण्यासारखे सांगता यावे, अशी तिथली अपेक्षा आहे. त्यामुळे ‘बाकीचे तिथे नोकरी करून भागवीन’ हे उत्तर तिथे उपयोगाचे नाही. मुलाखत काही मिनिटांची असते आणि अधिकारी पुष्कळदा कागद न पाहताच विचारतो की खर्च कोण करणार. या प्रश्नाला एका दमात, आय-२० वर छापलेल्या आकड्यांशी जुळणारे उत्तर देता आले पाहिजे. वडील काय करतात, बचत किती, कर्ज किती, शिष्यवृत्ती किती, एवढे चार आकडे स्वतः विद्यार्थ्याला माहीत हवेत. घरच्या पैशांबद्दल मुलांशी मोकळेपणाने न बोलणाऱ्या पालकांनी निदान या एका प्रसंगासाठी तरी तो संकोच सोडावा.

टिकून राहण्याच्या शंकेचे दुसरे रूप म्हणजे अचानक जमा झालेली मोठी रक्कम. वर्षभर ज्या खात्यात थोडीफार शिल्लक असायची, त्यात अर्जाच्या पंधरा दिवस आधी दहापट पैसे आले, तर वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहणारच. त्यात गैर काही असेलच असे नाही. मुदत ठेव मोडलेली असेल, जागा विकलेली असेल, निवृत्तीची रक्कम मिळालेली असेल. पण हे कारण स्टेटमेंटमध्ये लिहिलेले नसते, ते आपल्याला पुरवावे लागते. ठेव मोडल्याची बँकेची पावती, विक्रीचा करार, कार्यालयाचे पत्र असा एकेक कागद त्या एकेका नोंदीला जोडावा आणि सोबतच्या पत्रात दोन सरळ वाक्ये लिहावीत: अमुक तारखेला आलेली अमुक रक्कम ही अमुक ठेवीची असून तिची पावती अमुक पानावर आहे. मी बहिणीच्या अर्जासाठीच्या स्टेटमेंटवर अशा तीन नोंदींपुढे पेन्सिलीने क, ख, ग अशी अक्षरे घातली आणि तीच अक्षरे त्या त्या कागदाच्या कोपऱ्यात लिहिली. घरच्या प्रतीवर ही जुळणी झाली, म्हणून अर्जातल्या पत्रात ती चुकली नाही.

मालकीच्या बाबतीत देशादेशांत बराच फरक आहे. ब्रिटन विद्यार्थ्याचे स्वतःचे, आईवडिलांचे, कायदेशीर पालकाचे किंवा जोडीदाराचे खाते मान्य करते. काका, मामा, मोठा भाऊ यांचे खाते चालत नाही, मग त्यांचे प्रेम कितीही असो. आईवडिलांचे खाते दाखवायचे, तर नाते सिद्ध करणारा जन्मदाखला आणि हे पैसे मुलाच्या शिक्षणासाठी वापरण्यास आमची संमती आहे, असे त्यांचे पत्र लागते. अमेरिकेत खर्च उचलणारा नातेवाईक कोणीही असू शकतो, पण तो दूरचा असला की तो एवढा खर्च का करतो आहे, याचे उत्तर तयार ठेवावे लागते. या सगळ्यात नावांचा घोळ फार छळतो. खात्यावर आद्याक्षरे, जन्मदाखल्यावर पूर्ण नाव आणि पासपोर्टावर तिसरेच स्पेलिंग असेल, तर ती एकच व्यक्ती आहे हे परक्या अधिकाऱ्याने कशावरून मानावे? हे दुरुस्त करायला महिने लागू शकतात, म्हणून प्रवेशाचे पत्र येण्याची वाट न पाहता आजच तिन्ही कागद शेजारीशेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे.

शैक्षणिक कर्ज घेणाऱ्यांची मला अधिक काळजी वाटते, कारण मंजुरीपत्र हाती आले की काम झाले, असा त्यांचा समज असतो. माझ्या एका सहकाऱ्याच्या मुलाचे मंजुरीपत्र मी वाचले होते. वरच्या बाजूला रक्कम ठळक अक्षरांत होती, विद्यार्थ्याचे नाव होते, अभ्यासक्रम होता. खाली बारीक अक्षरांत एक वाक्य होते की तारणाचे मूल्यांकन समाधानकारक झाल्यावरच रक्कम दिली जाईल. बँकेच्या दृष्टीने ते नेहमीचे वाक्य असेल, पण त्यामुळे ते कर्ज अजून ‘मिळाले’ असे म्हणता येत नव्हते. ब्रिटनला तर व्हिसा मिळण्याखेरीज दुसरी कोणतीही अट नसलेले कर्ज लागते, पत्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले असावे लागते आणि पैसे प्रवासाआधी उपलब्ध होणार असल्याचे त्यात दिसावे लागते. त्या मुलाने मूल्यांकन आधी पूर्ण करून घेतले आणि मग नवे पत्र मागितले. शाखेत चार खेपा घालाव्या लागल्या, पण ते वाक्य गेले. कर्जाचे पत्र हाती आले की वरचा आकडा पाहून आनंद मानण्याआधी शेवटची ओळ वाचावी.

हाती येण्याच्या प्रश्नात जमीन, घर आणि दागिने मागे पडतात. त्यांची किंमत कितीही असली, तरी त्यांतून पुढच्या सत्राची फी भरता येत नाही. मालमत्तेच्या मूल्यांकनाचे जाडजूड अहवाल जोडल्याने अर्ज भक्कम होतो, हा समज मी अनेक घरांत पाहिला आहे. कुटुंबाची एकूण परिस्थिती दाखवायला त्यांचा काही देशांत थोडाफार उपयोग होतो, पण खात्यातल्या रकमेची जागा ते घेऊ शकत नाहीत. ब्रिटन शेअर, रोखे, लगेच काढता न येणारा निवृत्तिवेतनाचा निधी आणि ओव्हरड्राफ्ट यांतले काहीच धरत नाही. मुदत ठेव चालते का, याचे उत्तर ती हवी तेव्हा मोडता येते का यावर अवलंबून असते, म्हणून बँकेकडून तसे लेखी घेऊन ठेवावे.

एका गोष्टीबद्दल मला अगदी स्पष्टपणे लिहायचे आहे. ओळखीच्या कोणाकडून महिन्याभरासाठी हातउसने पैसे घेऊन खात्यात ठेवायचे, किंवा ‘फंड दाखवून देतो’ म्हणणाऱ्याला टक्केवारी द्यायची, असा सल्ला सहजपणे दिला जातो. तो ऐकू नये. खोटे कागद किंवा खोटी माहिती उघडकीला आली, तर तो एकच अर्ज नाकारून प्रकरण मिटत नाही. ब्रिटनमध्ये फसवणुकीसाठी दहा वर्षांची बंदी येऊ शकते, कॅनडात पाच वर्षांची, ऑस्ट्रेलियात तीन वर्षांची आणि अमेरिकेत तर ती कायमची ठरू शकते. वयाच्या बाविसाव्या वर्षी हे ओझे कोणी अंगावर घ्यावे? शिवाय पकडले गेले नाही, तरी उसने पैसे परत द्यायचे असतात आणि विद्यार्थी परक्या शहरात दुसऱ्याच महिन्यात रिकाम्या हाताने उभा राहतो. पैसे खरेच कमी असतील, तर प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलता येतो का, हे विद्यापीठाला विचारावे; बरीच विद्यापीठे तसे करू देतात. सहा महिने थांबण्यात मला कमीपणा वाटत नाही.

सरकारांनी ठरवलेला आकडा हा पुराव्यासाठीचा किमान आकडा असतो, हेही विसरू नये. अर्जाच्या वेळीच व्हिसाची फी भरावी लागते. ब्रिटनमध्ये तर विद्यार्थ्यांना आरोग्यसेवेचा अधिभारही वर्षाला ७७६ पौंड या दराने संपूर्ण मुक्कामासाठी एकदमच भरावा लागतो. विमान, घराची अनामत आणि पहिल्या महिन्याचा खर्च त्याहून वेगळा. हे पैसे पुराव्याच्या खात्यातून काढायची वेळ येऊ नये, अशी सोय आधीच करून ठेवावी.

बहिणीचे २८ दिवस २२ एप्रिलला पूर्ण झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी बँकेतून शिक्क्यासह नवे स्टेटमेंट आणले आणि या वेळी पट्टी तिने स्वतः हातात घेतली. पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत प्रत्येक ओळीतली शिल्लक तिने मोठ्याने वाचली, मी ती आवश्यक रकमेशी ताडून पाहिली आणि त्याच आठवड्यात अर्ज गेला. कागदांचा एक संच तिने प्रवासात हातातल्या पिशवीत ठेवला, कारण विमानतळावर उतरल्यावरही अधिकारी तो पाहायला मागू शकतो. तिची मैत्रीण जर्मनीला गेली आहे. तिथे राहण्याच्या परवान्याची मुदत वाढवताना पुढच्या काळाचा निधी पुन्हा दाखवावा लागतो, म्हणून तिने पहिल्या महिन्यापासूनच त्यासाठी वेगळे खाते ठेवले आहे आणि घरखर्चाचा कोणताही हप्ता त्याला जोडलेला नाही.